मान हलवायची नाही

आमच्या गल्लीत कुणी हळू बोलत नसे. बोलून उपयोगच नव्हता. भिवंडीत आमचं घर होतं त्या गल्लीच्या दोन्ही अंगांना कापड विणायच्या लूमचे कारखाने, आणि त्यांचा खडखडाट सकाळच्या शिफ्टपासून रात्रपाळीपर्यंत चालू. शुक्रवारची सुट्टी, नाहीतर लाइट गेली, तरच शांतता. तेवढ्यात लोक आठवड्याभराची भांडणं उरकून घ्यायचे. बाहेरून आलेले पाहुणे विचारायचे, तुम्ही सारखे चिडलेले का असता? अहो, चिडलेले कुठले! त्या आवाजात "चहा घेणार का" हेसुद्धा बोंबलूनच विचारावं लागायचं.

त्या आवाजापायी आम्हाला एक सवय जडली होती. समोरच्याचं ऐकू आलं नाही की एकदा "काय?" म्हणायचं, दुसऱ्यांदा "काय?" म्हणायचं, आणि मग मुकाट मान हलवायची. पुन्हा पुन्हा विचारणं म्हणजे माणसाचा अपमान, असंच सगळ्यांनी धरलं होतं. माझ्या दादाने तर अशीच मान हलवून शेजाऱ्याची शेळी महिनाभर सांभाळायचं कबूल केलं होतं. सकाळी दारात शेळी बघून त्याचं तोंड असं काही झालं की अजून आठवलं तरी मला हसू आवरत नाही.

पण त्याच मानेने आमच्या घराचा घात केला असता, म्हणून हे सांगतेय.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. वहिनीला दिवस गेले होते. दुसऱ्यांदा. पहिल्या वेळी कळा सुरू झाल्यावर दादा तिला रिक्षात घालून गावाच्या दुसऱ्या टोकाच्या दवाखान्यात न्यायला निघाला, तर वाटेत सुताचे टेम्पो, हातगाड्या, ताग्यांनी भरलेले ट्रक सगळे एकमेकांत अडकलेले. रिक्षा पुढेही जाईना, मागेही येईना. बाळ वाचलं नाही. वहिनी त्याबद्दल कधी एक अक्षर बोलली नाही. फक्त आमच्या कोपऱ्यावरच्या गुलाबी इमारतीवरून जाताना ती पदर पुढे ओढून मान दुसरीकडे करायची.

ती इमारत म्हणजे प्रसूतिगृह. वहिनीच्या पहिल्या वेळेच्याही आधी आमच्या नगरसेवकाने नारळ फोडून, हार घालून घेऊन तिचं उद्घाटन केलं होतं, आम्ही टाळ्यासुद्धा वाजवल्या होत्या. आणि तेव्हापासून दाराला हे एवढं कुलूप! आमच्या उंबऱ्यापासून चालत गेलं तर पोळी तव्यावरून उतरायच्या आत पोचावं, एवढ्या अंतरावर. वहिनीचं पोट दिसायला लागलं तशी माझी झोप उडाली.

मी तेव्हा कॉलेज संपवून टायपिंगच्या क्लासला जात होते आणि माझं डोकं कायम तापलेलं असायचं. एके दिवशी क्लासवरून येताना सरळ नगरसेवकाच्या ऑफिसात शिरले. साहेब पंख्याखाली बशीतून चहा पीत होते.

"साहेब, प्रसूतिगृह कधी उघडणार?"

"अगं ताई," ते हसून म्हणाले, "ते तर तुमच्याच गल्लीने गोडाऊनला दिलंय. तात्पुरतं. मी कोपरा सभा घेतली, सगळ्यांसमोर विचारलं, नर्स मिळेपर्यंत माल ठेवायला देऊ का? सगळ्यांनी माना हलवल्या. तुझी आई तर पहिल्या रांगेत होती. लोकशाही आहे बाई. लोकांच्या मनाविरुद्ध मी काही करत नाही."

माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की तो चहा उचलून त्यांच्याच डोक्यावर ओतावा! पण तशीच पाय आपटत घरी आले. आई ओट्याशी बोंबील साफ करत होती.

"आई, त्या सभेत तू मान हलवलीस?"

"हलवली."

"कशाला?"

"सगळीच हलवत व्हती."

"अगं पण तो विचारत काय होता?"

"मला काय ठावं? लूम चालू व्हत्या की."

मी सगळं सांगितलं. आईचा हात थांबला. आतल्या खोलीत वहिनी तांदूळ निवडत बसली होती, आईने तिकडे एकदा बघितलं आणि हळूच म्हणाली, "म्हंजे माज्याच मानेनं मी माज्या सुनेचं दार बंद केलं?" मग हातातला बोंबील तिने पाटीत असा आपटला की मांजर पळालं. "थांब मेल्या, तुला दावते."

आम्ही दोघी घरोघर विचारत सुटलो. शेजारच्या खालाला वाटलं होतं की तो नळ देतोय. "मैं तो खुश होके मान हलाई," ती कपाळावर हात मारत म्हणाली. कोपऱ्यावरच्या टेलरला वाटलं, रेशनच्या साखरेबद्दल बोलतोय. दादाला वाटलं, भाषण संपलं. अख्ख्या गल्लीत एकालाही खरं काय ते ऐकू आलं नव्हतं, आणि सगळ्यांनी मिळून एकमताने होकार दिला होता! आणि साहेब दर सभेत मंडप नेमका कारखान्याच्या दाराला खेटून का घालतात, तेही आता डोक्यात शिरलं. मूर्ख आम्ही. मंडपाला सावली चांगली मिळते म्हणून त्यांचं कौतुक करत होतो.

नगरपालिकेच्या निवडणुका जवळ आल्या होत्या. साहेब पुन्हा येणार, पुन्हा तिथेच उभे राहणार, आणि सवयीप्रमाणे म्हणणार, "विचारा, काही विचारायचं असेल तर बिनधास्त विचारा!" तर मग विचारायचंच, असं आईने ठरवलं. मत काय आपल्याला कुणी फुकट दिलं न्हाय, म्हणाली, त्याला विचारायचा हक्कबी त्यातच आला. फक्त लूम बंद हव्यात.

कारखान्याच्या शेठला सांगून उपयोग नव्हता, तो साहेबांच्याच मांडीला मांडी लावून बसणारा. म्हणून मी आणि खाला थेट लूम चालवणाऱ्या कारीगरांकडे गेलो. लांबून पोटासाठी आलेली माणसं, विणलेल्या मीटरवर मजुरी. एकजण म्हणाला, "बहनजी, लूम बंद तो हमारा पैसा बंद." बरोबरच होतं त्याचं. खाला मात्र कसली गप्प बसतेय! "और तेरी घरवाली कहां जाएगी? उसी टेम्पो के बीच में?" तो मागच्या कारीगराकडे बघायला लागला, तो तिसऱ्याकडे. मग एक म्हातारा कारीगर खांद्यावरचा धागा झटकत हसला. "धागा तो टूटता ही है. उस दिन सबका एक साथ टूट जाएगा." धागा तुटला की लूम थांबवावीच लागते. मला तर नाचावंसं वाटलं!

आता राहिली आमची मान. विहारात महिला मंडळ जमायचं, तिथे आम्ही चक्क सराव केला. आई नगरसेवक व्हायची, समोर उभी राहून तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटायची आणि शेवटी ठसक्यात म्हणायची, "बरोबर ना?" की सगळ्यांच्या माना आपोआप खालीवर! आई ओरडायची, "अगं भवान्यांनो, हलवू नका!" पुन्हा "बरोबर ना?" की पुन्हा माना. एका आजींनी तर हनुवटी दोन्ही हातांनी धरून ठेवली, तरी हातासकट मान हलली. वहिनी कोपऱ्यात बसून बघत होती, ती एकदम खळखळून हसली. किती दिवसांनी हसली होती ती! मी मनात म्हटलं, आता काही झालं तरी ते कुलूप निघालंच पाहिजे.

सभेच्या संध्याकाळी गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. साहेब पांढरे शुभ्र कपडे घालून, मागे त्यांचा सुताचा व्यापारी मेहुणा आणि चारपाच कार्यकर्ते. माइक लागला. लूम नेहमीसारख्या खडखडत होत्या, साहेबांचं तोंड उघडमीट होत होतं, हात हवेत फिरत होते. माझ्या छातीत धडधड आणि लूमची खडखड, कुठली कुठली ते कळेना. साहेबांनी हात पसरले. म्हणजे आता "विचारा" म्हणाले असणार. ठरल्याप्रमाणे खालाने कारखान्याच्या दारात उभं राहून डोक्यावरची ओढणी झटकली.

एक लूम थांबली. मग दुसरी. मग या बाजूच्या, मग समोरच्या, आणि बघता बघता सगळा आवाज गळून गेला.

"...तुमचा सेवक म्हणून!" साहेबांचा आवाज माइकमधून असा काही गर्जला की ते स्वतःच दचकले. पोरं खिदळली. पत्र्यावरची कबुतरं घुमत होती ती ऐकू आली. कुणाच्या तरी घरात कुकरची शिट्टी झाली. कामाच्या दिवशी, लाइट असताना, आमच्या गल्लीत एवढी शांतता मी पहिल्यांदाच ऐकत होते.

आई उठली. "भाऊ, प्रसूतिगृहात कुणाच्या गोणी हायत?"

साहेबांनी कारखान्याकडे बघितलं. "मावशी, ही लाइट गेली वाटतं..."

"लाइट हाय. तुमचा माइक चालू हाय. गोणी कुणाच्या?"

"तात्पुरती व्यवस्था आहे. तुम्हीच सगळ्यांनी..."

"आमाला ऐकूच आलं न्हवतं. आता येतंय. बोला."

माणसं पुढे सरकली. मेहुणा घाम पुसायला लागला, तेवढ्यावरून सगळ्यांना उत्तर मिळालं. साहेबांनी सावरून घेतलं, लांबलचक सांगितलं: नर्सची मागणी गेली आहे, कागद वर आहे, निवडणूक झाली की मी स्वतः लक्ष घालतो. आणि शेवटी, आवाज मधाळ करून, "बरोबर ना?"

एकही मान हलली नाही.

बाई गं! काय ते दृश्य! आजींनी हनुवटी गच्च धरलेली. टेलरने दात आवळलेले. दादा तर डोळे मिटून उभा, चुकून हलली तर काय घ्या! साहेबांनी पुन्हा विचारलं, "बरोबर ना?" पुन्हा सगळे दगड. तिसऱ्यांदा त्यांना विचारवेना. आयुष्यात पहिल्यांदा त्या माणसाला आमचं उत्तर ऐकू आलं होतं.

तेवढ्यात वहिनी उभी राहिली. आमच्या कुणाच्या बेतात हे नव्हतं. पोटावर हात ठेवून ती एवढंच म्हणाली, "माझं पहिलं रस्त्यात गेलं. हे कुठे होऊ देऊ, ते सांगा." आवाज फार मोठा नव्हता तिचा. पण गल्लीच्या टोकापर्यंत पोचला.

साहेबांनी मेहुण्याकडे हात केला. मेहुण्याने खिशातून चावी काढली. खिशातच होती बघा!

अख्खी सभा उठून त्या गुलाबी इमारतीकडे निघाली, साहेब मधे आणि आम्ही चहूकडून. कुलूप गंजलेलं, उघडेना, मग त्या म्हाताऱ्या कारीगराने लूमचं तेल आणून ओतलं. गोणी बाहेर काढायला कारीगरच पुढे झाले. शेठ धावत आला, लूम का बंद म्हणून ओरडायला लागला, तर ते एका सुरात म्हणाले, "सेठ, धागा टूट गया!" मी इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं. आणि मग ते पाणी थांबेचना, तेव्हा कळलं की मी रडतेय.

नुसतं दार उघडून भागत नाही, हेही पुढे कळलं. खाटा, पाणी, डॉक्टर, नर्स, प्रत्येक गोष्टीसाठी दर शुक्रवारी, गल्लीला सुट्टी असते तेव्हा, आम्ही नगरपालिकेत जाऊन बसायचो. डबे घेऊन जायचो. आम्ही दिसलो की शिपाई आधी बाकं पुसायचा. साहेब त्या निवडणुकीत पडले का? छे! निवडून आले, आणि प्रसूतिगृह मीच उघडलं म्हणून बोर्डही लावला. आई म्हणाली, लावू दे, दार उघडं राहिलं म्हंजे झालं. मात्र त्यानंतर आमच्याकडची त्यांची प्रत्येक सभा शुक्रवारी, आणि कारखान्यापासून लांब.

वहिनीच्या कळा सुरू झाल्या त्या भर दुपारी. ती माझ्या आणि आईच्या खांद्यावर हात टाकून चालत गेली, वाटेत एकदाच थांबली. आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. समोरच्या लूम पूर्ण जोरात होत्या. दादा येरझाऱ्या घालत होता, मधेच भिंतीला कान लावत होता, ऐकू काय येणार, कपाळ!

शेवटी दार उघडलं. नर्स बाहेर आली, दादाकडे बघून काहीतरी बोलली. दादा म्हणाला, "काय?" ती पुन्हा बोलली. दादा पुन्हा म्हणाला, "काय?" तिने तिसऱ्यांदा ओठ हलवले, आणि दादाने सवयीने मान हलवली.

आईने त्याच्या पाठीत असा धपाटा घातला! "मान काय हलवतोस रे गाढवा? इचार पुन्ना! ऐकू येईस्तवर इचार!"

दादा घशाच्या शिरा ताणून ओरडला, "सिस्टर, काय झालं?"

नर्सने दोन्ही हात तोंडाशी धरले आणि लूमच्या वर आवाज चढवून सांगितलं, "मुलगी! दोघी बऱ्या आहेत!"