आडवी फळी

"बाबा, आडव्या रेघेचा चढ शून्य, मग उभीचा किती?" डबा घेऊन आलेल्या लेकीनं गवंड्याला विचारलं.

"विटांच्या थरावरून दहा पावलं चाललीस, तर किती चढशील?"

"काहीच नाही."

"म्हणून शून्य. ओळंब्याच्या दोरीनं वर गेलीस, तर पुढं किती सरकशील?"

"तसूभरही नाही."

"चढ म्हणजे चढलेलं भागिले पुढं सरकलेलं. मग भागशील कशानं?"

"शून्यानं? भागताच येत नाही!"

"म्हणून उभीचा चढ सांगताच येत नाही, बये."

लेक भिंतीलगतच्या परांचीच्या फळीकडं बघत राहिली. महिन्यापूर्वी तिथूनच चुलता पडून मेला होता.

"फळी तर आडवीच होती. मग काका घसरले कसे?"

गवंड्यानं मान खाली घातली. "घसरला नाही. फळी कुजकी होती. मीच म्हटलं, आजचा दिवस निभेल."

लेकीनं डबा विटांवर ठेवला. त्यानं थापी उचलली आणि तो नव्या फळीवर चढला.