आबांची मिशीवाली पलटण

मी सिनेमा कंपनीत असिस्टंट डायरेक्टर म्हणून लागलो, तेव्हा सांगलीत आमच्या गल्लीत माझा भाव एकदम वधारला. हा आता नटनट्यांबरोबर चहा पितो, असं लोकांना वाटायचं. खरं म्हणजे मी चहा पीत नव्हतो, आणत होतो. त्याशिवाय गर्दी जमवणं, जमलेली गर्दी गप्प करणं, नटांच्या तोंडावर उजेड पाडणारे चंदेरी कागदाचे फळे धरायला उन्हात माणसं उभी करणं आणि कुणाचंही काहीही चुकलं की बोलणी खाणं, ही सगळी असिस्टंटचीच कामं. त्यातलं मुख्य काम म्हणजे ध्यानात ठेवणं. काल अर्धवट सोडलेला प्रसंग आज पुढं उचलायचा, तर माणसं कालच्यासारखीच दिसायला हवीत. काल उजव्या खांद्यावर असलेली ढाल आज डाव्या खांद्यावर गेली, तर पडद्यावर दिसणार ढालवाला, पण शिव्या माझ्या.

वडील माझे मी लहान असतानाच गेले. आई विचारणाऱ्याला "कोल्हापूरला कंपनीत असतो," एवढंच सांगायची आणि कसली कंपनी हे पुढं कुणी विचारू नये असा चेहरा करायची.

ते दुसऱ्या मोठ्या लढाईचे दिवस होते. फिल्म परवान्यावर मिळायची, आणि तीही इतकी बेताची की डायरेक्टर साहेब तिला देव्हाऱ्यातल्या देवासारखं जपत. साहेब म्हणजे जमदग्नीचा अवतार. एका ऐतिहासिक चित्राचं काम चाललं होतं आणि त्यात मावळ्यांची एक तुकडी डोंगर चढून शत्रूवर तुटून पडते, असा मोठा प्रसंग होता. पहिल्यांदा आम्ही तो कोल्हापूरजवळच्या एका माळावर घेतला. भाड्यानं आणलेली पोरं, चिकटवलेल्या मिशा आणि चैत्राचं ऊन. "हर हर महादेव" म्हणून पोरं धावली आणि निम्म्या वाटेत मिशा घामानं सुटल्या. कुणाची एका बाजूनं लोंबायला लागली, कुणाची तोंडात गेली. एक वीर तर तलवार टाकून थुंकतच बसला. मला हसू आवरेना आणि साहेबांनी नेमकं ते बघितलं.

"हसतोस काय? खऱ्या मिशा घेऊन ये!" ते ओरडले. "उद्याच्या उद्या नीघ. मिशा मिळाल्या नाहीत तर तूही परत येऊ नकोस."

असा मी मिशा शोधायला बाहेर पडलो. कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या सर्व्हिस मोटारीतून धूर खात विट्याच्या स्टँडवर उतरलो आणि समोर मला हवी ती मिशी उभी दिसली. दोन्ही टोकांना पीळ दिलेली, कल्ल्यांना भिडलेली. तिच्यामागं एक पेन्शनर हवालदार होते. पहिल्या लढाईत बसऱ्यापर्यंत जाऊन आलेले. मी माझं गाऱ्हाणं सांगितलं. ते म्हणाले, "आवं, मग एवढं तोंड कशापायी पाडताय? आमच्या गावाला चला. आमच्यात मिशी नसलेला गडी मिळायचा न्हाई तुमास्नी."

गाव डोंगराच्या पायथ्याला होतं. तरणी पोरं लढाईवर गेलेली, घरी राहिलेले ते सगळे पलटणीतून पेन्शन घेऊन आलेले गडी. हवालदारांनी चावडीपुढं उभं राहून नुसती हाक मारली आणि मिशांची रांग लागली. झुपकेदार, पिळदार, पांढऱ्या, करड्या. मला तर आनंदानं काय करू नि काय नको असं झालं. तार केली, साहेब कॅमेरा घेऊन हजर झाले, आणि त्या रांगेकडं बघून आयुष्यात पहिल्यांदा मला "शाबास" म्हणाले.

शूटिंग सुरू झालं. मिशा हलत नव्हत्या, पण दुसरीच अडचण आली. मावळ्यांनी कसं, झाडाझुडपांतून, दगडांआडून, वाकून पुढं यायचं. आमचे मावळे चौघाचौघांच्या ओळी करून, पाय जुळवून, छाती काढून डोंगर चढू लागले. माथ्यावर पोचल्यावर हवालदारांनी थांबायचा हुकूम दिला आणि सगळ्यांनी मिळून कॅमेऱ्याला कडक सलाम ठोकला. साहेबांनी डोक्याला हात लावला. पलटणीत अंगात मुरलेली ती चाल काढायला मला एक सबंध दिवस लागला.

मग मात्र काम झकास जमलं. निम्मा प्रसंग डब्यात पडला. त्या दिवशी दुपारी भाकरी खाताना मी हवालदारांना म्हटलं, "तुमच्या मिशांनी माझी नोकरी वाचवली बघा."

"हायत्या तवर हायत्या," ते सहज म्हणाले.

"म्हणजे?"

"आबा लय आजारी हायती न्हवं का. आबांचं काय बरंवाईट झालं तर धाव्या दिसाला समद्यांच्या मिशा उतरायच्या."

मी विचारलं, "समद्यांच्या?"

"समद्यांच्या. सगळं गाव एकाच भाऊकीचं हाय आमचं, आणि आबा समद्यांत थोरलं. आणि मिशांचं ऱ्हाऊ द्या, सुतकात तोंडाला रंग लावून तलवार कोण नाचवंल?"

मी मिशा बघितल्या होत्या, भाऊकी बघितली नव्हती. एकाच घराण्याचं गाव उचललं, की एका माणसाच्या श्वासावर सगळी पलटण अडकते, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मिशा गेल्या तर त्या पुन्हा तशा वाढायला पावसाळा उलटणार. घेतलेला निम्मा प्रसंग फुकट जाणार आणि त्यासाठी दुसरी फिल्म कुणी देणार नव्हतं. साहेबांना सांगितलं तेव्हा ते ओरडलेसुद्धा नाहीत, त्यामुळं मी जास्तच घाबरलो. ते एवढंच म्हणाले, "काम उरकेपर्यंत त्या आबांना जप. आजपासून तेच तुझं काम."

दुसऱ्या दिवशी सकाळी संत्री घेऊन मी आबांकडं गेलो. अंगणातल्या लिंबाखाली बाजेवर म्हातारा बसला होता. अंगावर घोंगडी, हाडांचा सापळा, आणि चेहऱ्यावर पांढरीशुभ्र, सबंध भाऊकीत वरचढ अशी मिशी. मी वाकून नमस्कार केला आणि विचारलं, "आबा, तब्येत कशी आहे?"

आबांनी डोळे बारीक केले. "माझी तब्येत बघाया आलायस का मिशांची?"

खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. "दोन्हींची," मी म्हटलं.

आबा असे हसले की त्यांना ठसका लागला. ठसका थांबेना. मी घाबरून कधी पाणी पाजतोय, कधी पाठ चोळतोय. शेवटी त्यांनी श्वास घेतला आणि माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "भिऊ नगंस लेका. तुझं उरकल्याबिगर न्हाई जात मी. पर तू बी लवकर उरक, मला बी कटाळा आलाय."

पण उरकणार कसं? वळवाचे ढग यायला लागले होते. सकाळी लख्ख ऊन पडायचं, मावळे नटून डोंगरावर उभे राहायचे, आणि कॅमेरामननं डोळा लावला की ढग. दिवसच्या दिवस आम्ही आभाळाकडं बघत काढले. रोज सकाळी मी आबांकडं जायचो. आदल्या दिवशी काय झालं ते त्यांना सगळं सांगायला लागायचं. कोण पळताना पडला, कोण कॅमेऱ्याकडं बघून हसला. आबा खुश व्हायचे. पुढं पुढं मी मिशांचा विचार न करताच तिकडं जायला लागलो. ते भाकरीचा काला माझ्यासाठी ठेवायचे आणि मी खाल्ला नाही तर रुसायचे. मला आजोबा कधी मिळाले नव्हते, वडील नीट आठवत नव्हते. मला त्या बाजेजवळ फार बरं वाटायचं.

एक दिवस तुकडीतला एक गडी विकाऊ बैल बघायला म्हणून तासगावच्या बाजूला गेला, तो आलाच नाही. रांगेत मोकळी जागा दिसायला लागली. साहेबांनी इकडंतिकडं बघितलं आणि माझ्यावर बोट रोखलं. "तू उभा राहा. तुला मिशी आहे ना?"

होती. म्हणजे मला तसं वाटत होतं. मी डोक्याला मुंडासं बांधून रांगेत शिरलो तर हवालदार म्हणाले, "मिशी हाय व्हय ती? मला वाटलं भुवई घसरली." सगळा डोंगर हसला. पण माझं धावणं साहेबांना आवडलं. "तुझा जवळून एक शॉट घेऊ," ते म्हणाले, "इथं फिल्म घालवायची नाही, कोल्हापुरात स्टुडिओत घेऊ. तोवर त्या मिशीला हात लावायचा नाही."

संध्याकाळी ही बातमी मी आबांना सांगितली. त्यांनी माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडं वळवलं आणि नीट बघितलं. "बारकी हाय," ते म्हणाले, "पर तूप खाल्लंस तर भाऊकीत घेता यील. कोल्हापूरचं काम हुईस्तवर जप तिला."

त्यानंतर त्यांना ताप भरला. अंगणातून बाज आत गेली. हवालदार डोंगरावर यायचे, पण त्यांचं लक्ष पायथ्याकडं असायचं. मी साहेबांना म्हटलं, "आज ढग असला तरी घेऊ या." ते म्हणाले, "ढग असताना घेतलेलं ढगासारखंच दिसतं." खरं होतं, पण मला त्यांचा रागच आला.

शेवटचा एकच शॉट राहिला होता. सगळी तुकडी माथ्यावर पोचते आणि तुटून पडते. त्या सकाळी आभाळ स्वच्छ होतं. मी पायथ्याला आबांना सांगायला गेलो तर बाज दारात आणलेली. आबा म्हणाले, "मला न्या."

कुणी नाही म्हटलं नाही. मुंडाशी बांधलेल्या, कमरेला तलवारी लावलेल्या चार मावळ्यांनी बाज खांद्यावर घेतली आणि डोंगर चढले. कॅमेऱ्याशेजारी बाज ठेवली. आबांना उठून बसवत नव्हतं, म्हणून मी मागून टेकू दिला. पण मला रांगेत जायचं होतं. साहेब पुढं झाले, माझ्या जागी बाजेवर बसले आणि आबांना स्वतःच्या छातीशी टेकवून घेतलं. तिथूनच त्यांनी हात वर केला. आम्ही धावलो. ओरडलो. त्या दिवशी कुणीही पाय जुळवून चाललं नाही.

"झालं!" साहेब ओरडले. मी तसाच धापा टाकत बाजेकडं आलो.

आबांनी विचारलं, "सुटली का पलटण?"

"सुटली, आबा."

"माझं बी सुटलं मग," ते म्हणाले आणि डोळे मिटून पडून राहिले. उन्हात त्यांची मिशी चमकत होती. मला वाटलं, एवढ्यात काही होत नाही यांना.

आम्ही कोल्हापूरला पोचलो आणि मागोमाग गावचा माणूस निरोप घेऊन आला. साहेब ऐकून खुर्चीत बसले. मग म्हणाले, "दहाव्याला जाऊन ये."

मी गेलो तेव्हा ओढ्याच्या काठी माणसं ओळीनं बसली होती आणि न्हावी एकेकापुढून सरकत होता. ती माझीच तुकडी, पण मला कुणीच ओळखू येईना. ज्यांचा ढालीचा खांदा मला पाठ होता, त्यांचे ते उघडे, थकलेले चेहरे मी पहिल्यांदाच बघत होतो. मी बाजूला उभा राहिलो. मग ओळीच्या शेवटी जाऊन बसलो. न्हावी माझ्यापर्यंत आला आणि माझ्या ओठावर पाणी लावणार तोच कुणीतरी त्याचा हात धरला. मिशी नव्हती, पण आवाज हवालदारांचा होता.

"हेची ऱ्हाऊ द्या."

"हवालदार, मला काढायची आहे," मी म्हटलं.

"ठावं हाय. पर आबा सांगून गेल्याती. म्हणलं, समद्यांच्या उतरा, पर त्या सिनेमावाल्या पोराची ऱ्हाऊ द्या. तेचं कोल्हापूरचं काम ऱ्हायलंय."

मी त्या ओढ्यावर सगळ्यांसमोर ढसाढसा रडलो. मला कसलीही लाज वाटली नाही.

पुढच्या आठवड्यात स्टुडिओत माझा शॉट झाला. साहेबांनी एकदाच घेतला. ते "झालं" म्हणाले तसा मी मुंडासं उतरवलं, फाटकाबाहेर झाडाखाली बसणाऱ्या न्हाव्यापुढं जाऊन बसलो आणि मिशी काढायला सांगितली. तिथून मोटार धरून सरळ सांगलीला घरी गेलो.

आईनं दार उघडलं. माझ्या तोंडाकडं बघितलं आणि तिचा हात कडीवरच राहिला.

"कोण गेलं रे आपल्यातलं?"

"आबा," मी म्हटलं.

कुठले आबा, हे तिनं विचारलं नाही. मला दारातच थांबवलं आणि आत जाऊन आधी अंघोळीचं पाणी काढलं.