दोन लिटर हाळु

खापर फुटतं ते बहुतेकांच्या डोक्यावर. मी मात्र पुरातत्त्वाच्या एम.ए.ला बसल्यापासून खापरं वेचत हिंडत होते. अप्पा, म्हणजे माझे वडील, निवृत्त गणिताचे मास्तर. मी स्कूटर काढली की धारवाडात मळमड्डीच्या आमच्या गल्लीत सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारायचे, "आज कुणाची मडकी?"

हसायला त्यांचं काय जातंय! विभागातल्या आमच्या सरांनी मला बजावलं होतं: पाडव्यापर्यंत स्वतः शोधलेली एक प्राचीन वसाहत दाखव, नाहीतर ग्रंथालयात बसून जुन्या लेखांची सूची कर. सूची! धुळीने मला शिंका येतात आणि सूचीने झोप. मला माणसं हवी होती, हजारो वर्षांपूर्वी इथे चूल मांडून राहिलेली. पाडवा तीन आठवड्यांवर आला आणि माझ्या पदरात काय, तर केलगेरीच्या तळ्याकाठचं एक अश्मयुगीन हत्यार, जे रस्त्याची खडी निघालं. आणि कलघटगीजवळचा एक प्राचीन विटेचा तुकडा, ज्याच्या पाठीवर कौलांच्या कारखान्याचा शिक्का होता. सरांनी तो शिक्का वर्गात मोठ्याने वाचला. धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. निदान जाता जाता मातीचे थर तरी दिसले असते.

सर म्हणत, टेकडी शोधू नकोस, माती शोध. माणसं पिढ्यान्‌पिढ्या एका जागी राहिली की राख, शेण आणि पडलेल्या भिंती मिसळून तिथली माती पांढुरकी होते. मराठीत तिला पांढरी म्हणतात आणि आमच्याकडच्या कन्नडात हाळु मण्णु, उजाड जागेची माती. हाळु म्हणजे उजाड आणि हालु म्हणजे दूध. आमच्या घरात मराठी आणि दारात कन्नड, त्यामुळे या ळ आणि ल मध्ये माझी जीभ आजवर कधी घसरली नाही. घसरला तो फोन.

एका सकाळी वाटलं, एकटीने किती हिंडायचं? ओळखीतल्या यच्चयावत लोकांना मी इंग्रजी अक्षरांतल्या कन्नडात निरोप टाकला: हाळु मण्णु हवंय, कुठे असेल ते सांगा, मी येते. आता इंग्रजी अक्षरांत ळ बिचाऱ्याला जागाच नाही. त्यातून आमच्या घरून दूधवाल्या अक्काला रोज जाणारा निरोप म्हणजे 'हालु मनिगी', दूध घरी. तो फोनला तोंडपाठ. त्याने शहाणपणा करून मण्णुचं मनिगी केलं आणि मी न वाचताच पाठवून दिलं. म्हणजे मी अख्ख्या हुबळी-धारवाडात दवंडी पिटली होती की आमच्या घरी दूध हवंय, कुठे असेल ते सांगा, मी येते.

मावशीने विचारलं, कोण आजारी आहे. एका मैत्रिणीने विचारलं, बाळ कुणाला झालं. सरांनाही निरोप गेला होताच. त्यांचं उत्तर आलं, "गाईचं की म्हशीचं?" मी फोन उशीखाली कोंबला आणि पाच मिनिटं वेड्यासारखी हसत सुटले.

तेवढ्यात दारात अक्का. केलगेरीच्या पलीकडून येणारी, हातात रोजच्या कॅनशिवाय आणखी दोन लिटर. आईला विचारते, "यारु बंदारी, अक्कावर?" ताई, पाहुणे कोण आलेत?

मी धावत बाहेर आले. "अक्का, हालु अल्ल! हाळु! हाळु मण्णु!" दूध नव्हे, माती!

"ळ! ळ नीट म्हण!" अप्पा आतून ओरडले.

अक्काने कॅन खाली ठेवला आणि पदर तोंडात धरून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग म्हणाली, "हाळ मण्णेन? अद नम्म होलदाग ऐतल्ल!" ते तर आमच्या शेतातच आहे की! सणासुदीला भिंती सारवायला ती तिथूनच पाटी भरून न्यायची. तिथे नांगराला खापऱ्याच फार लागतात, अशी वर तक्रार. खापऱ्या! मी चहाचा कप तसाच ठेवला, अक्काला स्कूटरवर मागे बसवलं आणि निघाले. तिचे रिकामे कॅन वाटभर खडखडत होते.

उतारावर, काळ्या रानाच्या मधोमध, ती पांढरी. ज्वारीच्या धसकटांतून खापरंच खापरं, आतून काळी आणि बाहेरून तांबडी, पुस्तकात पाहिलेली अगदी तशी. मी नाचले. खरोखर नाचले, एक चप्पल तुटेपर्यंत. कुठेही खणलं नाही. फोटो काढले, जागा टिपली आणि अक्काला विचारून चार तुकडे पिशवीत घातले. पाचवा तिनेच उचलून दिला. त्याला ओळीने बारीक भोकं होती.

दुसऱ्या दिवशी सर आले. तासभर रानात फिरत राहिले. माझी नजर त्यांच्या पाठीवर. यातही कुणाचा शिक्का निघाला तर? शेवटी त्यांनी तो भोकांचा तुकडा उन्हात धरला. त्यांच्या हातावर उजेडाचे ठिपके पडले.

"गाळणी असावी," ते म्हणाले. "बहुधा दूधदुभत्याची. तुझा निरोप बरोबरच होता म्हणायचा."

"आणि सूची?"

"ती दुसऱ्या कुणाला देऊ."

मी अशी किंचाळले की बांधावरची म्हैस उठून उभी राहिली. अक्का पुढे आली. सरांनी तिला कन्नडात सगळं समजावून सांगितलं. तिने तो तुकडा हातात घेतला, पदराने पुसला, एका भोकाला डोळा लावून आरपार पाहिलं. मग तिने सरांना विचारलं, "अकी याव ऊरिगी हाल हाकतिद्दळ्री?" ती गाळणीवाली कुठल्या गावाला दूध घालत होती?

"ते आता ही शोधून काढेल," सर म्हणाले. त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.