वजीरनं घासलेले दात

वजीर ऑपरेटरचा तोरा काय सांगावा! भूमच्या बाजारात टूरिंग टॉकीजचा तंबू ठोकला, की लोक खेळाचं नाव नंतर विचारायचे, आधी मशिनीवर वजीर हाय का ते बघायचे. आपल्याकडच्या कोरड्या हवेत जुनी फिल्म आखडते. तिच्या कडेची भोकं जवळ येतात आणि मशिनीच्या दातेरी चाकावर ती अडकते. वजीरनं कानस घेऊन चाकाचे दातच घासून बारीक केले. जुन्या फिल्मा बिनबोभाट फिरू लागल्या आणि हा गडी हवेत तरंगायला लागला.

त्रेचाळीस साली मुंबईच्या कुठल्याशा तांत्रिक समितीचं पाकीट आलं. साऱ्या मुलखात फिल्म, भोकं आणि दात एकाच मापाचे असावेत, म्हणून ते साहेब लोक बसले होते म्हणं. सोबत पोलादी मापपट्टी आणि, आपलं निजामाचं राज्य म्हणून, उर्दूत छापलेला कागद होता. आपल्या मशिनीची खरी हकीकत लिहून पाठवायची.

“आता हे आम्हाला शिकवणार,” म्हणत वजीरनं नवी कोरी फिल्म पट्टीवर ठेवली. भोकं बरोबर बसली. मशिनीतून एकदा फिरवून पुन्हा ठेवली, तर भोकाभोकाला बारीक चीर. घासलेले दात नव्या भोकांत सैल बसून कडेला हिसका देत होते.

आता त्याला उमगलं. इथला मुक्काम संपला की फिल्मची पेटी शेजारच्या वाशी गावच्या तंबूत, तिथल्या ऑपरेटर शरणबसप्पाकडं जायची. तिथं ती तटातट तुटायची. मागच्या महिन्यात त्या गरीब माणसाला निष्काळजी म्हणून काढून टाकलं, तेव्हा हाच शहाणा वजीर चारचौघांत बोलला होता, “कसब अंगात असावं लागतं.”

चार दिवस वजीरला घास गोड लागेना. कागद काढायचा, पुन्हा घडी घालायची, उगाच तंबूभोवती फेऱ्या मारायच्या.

“खरं लिहिलं तर मशीन जाईल माझ्या हातची,” तो बायकोला म्हणाला.

“अन् न्हाय लिहिलं तर?” गुलबानोनं विचारलं.

पाचव्या दिवशी तो वाशीला गेला. शरणबसप्पा आडतीत पोती वाहत होता. वजीरनं त्याला बाजूला घेऊन सगळं सांगून टाकलं.

शरणबसप्पा शेजारच्या पोत्यावर टेकला. “मला वाटलं, माझंच चाक खराब,” तो म्हणाला. “तुमचं ऐकून म्याबी दात घासले, वजीरभाई. आधी लई चांगले होते ते दात.”

वजीरनं कागद पुढं केला. “माझा हात चालंना. तुम्हीच लिहा.”

खरं सांगायचं तर, जाऊ द्या असं तो म्हणंल, अशी वजीरला मनातून आस होती. शरणबसप्पानं हात धोतराला पुसले, कागद पोत्यावर ठेवला आणि सगळी हकीकत सावकाश लिहून काढली. मग वजीरच्या सहीची जागा बोटानं दाखवली.