घरातली कटकट

हे मी कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ, सुमनजवळ तर नाहीच — आणि खरं तर ते तिलाच सांगायला हवं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. दारू सोडायला माझे उपचार चालू होते. डॉक्टर दर आठवड्याला एकच विचारायचे — प्यायची ओढ कुठल्या दिवशी लागली, आणि त्या दिवशी झालं काय होतं? साधा प्रश्न. उत्तर मला पाठ होतं. शाहूपुरीत स्पेअर पार्टच्या दुकानात मी काउंटरला होतो. मालक माझ्याहून लहान. गिऱ्हाइकांदेखत म्हणायचा, "कदम, डोस्कं घरात ठेवून आलाय काय?" गिऱ्हाइकं हसायची. मीही हसायचो. मग दुकान बंद होईस्तोवर घसा कोरडा — हातात बेअरिंग, मन गुत्त्यावर.

पण हे सांगायचं कसं? चाळिशीचा बाप्या, आणि पोरासारखी बोलणी खातो? मी म्हणालो, घरात कटकट असते. बायको फार बोलते.

सुमन बोलायची, हे खरं. तिनं भाजीवाल्याला झापलं की गल्लीच्या टोकाला कळायचं. पण तिच्या बोलण्यापायी मी कधीच प्यालो नाही. उलट ती बडबडत असली की कपभर चहावर संध्याकाळ निघून जायची.

डॉक्टरांनी तिला बोलावून सांगितलं, यांना टेन्शन देऊ नका. मी शेजारच्याच खुर्चीत होतो. तिनं मान हलवली. मीही हलवली.

घर शांत झालं. माझं पिणं चालूच. तिला वाटायचं, आपलंच काही चुकलं — मग ती आणखी हळू बोलायची.

एके दुपारी मेहुणा दुकानात आला. पेठ वडगावला सासरे वारले होते. महिनाभर अंथरुणावर होते, आणि मला पत्ता नाही. "आक्काला किती निरोप धाडलं," तो म्हणाला. "म्हणली, आत्ता न्हाय जमायचं, दाजींस्नी टेन्शन व्हईल. आण्णा इचारत हुतं, सुमी रुसलीया काय?"

तेव्हा तरी बोलायचं होतं ना? एस.टी.त ती माझ्या शेजारी बसून रडली — तेही आवाज न करता. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. परत आल्यावर प्यालो.

दारू पुढं सुटली, त्यालाही वर्षं झाली. पाहुणे म्हणतात, सुमननं सांभाळून घेतलं म्हणून. मी मान हलवतो.

आज सकाळी गॅस संपला. ती दाराशी येऊन उभी राहिली. हळूच म्हणाली, "जरा बोलू का?"