मामांचं चालणं मी बंद केलं

सासूबाई गेल्यावर सासरे घाटनांदूरहून आमच्याकडे बीडला राहायला आले. मी त्यांना मामा म्हणते. रोज सकाळी पिशवी घेऊन ते मंडईत जायचे, मेथी-कोथिंबीर आणायचे, येताना कटिंगच्या दुकानात बसून पेपर वाचायचे. जाऊन-येऊन तास-दीड तास मोडायचा.

एकदा शेजारीण फाटकातून म्हणाली, "ताई, मामांना काहून पिटाळता मंडईत? घरात दुसरं कोणी न्हाई का?"

ती हसत बोलली, पण मला लागलं. म्हाताऱ्या सासऱ्याला राबवणारी सून! त्याच संध्याकाळी मी यादी केली आणि दोन दिवसांत सगळं मार्गी लावलं. भाजीवाला दारात, पेपर घरपोच, दाढीला माणूस घरी. पाण्याचा तांब्याही पलंगाशेजारी.

"मग मला काय काम ठिवलं?" मामांनी विचारलं.

"आराम करा," मी म्हणाले.

वर्षभरात त्यांना पलंगावरून उठताना दोन्ही हात टेकावे लागू लागले. साखर वाढली, झोप उडाली. मोरीत जाताना भिंत धरू लागले, तेव्हा मी त्यांना दवाखान्यात नेलं.

"चालतात का रोज?" डॉक्टरांनी विचारलं.

"चालायची वेळच येऊ देत नाही. सगळं जागेवर देते," मी मोठ्या अभिमानाने सांगितलं.

डॉक्टर लिहायचे थांबले. म्हणाले, या वयात पाय वापरले नाहीत तर ताकद भराभर जाते, तोल सुटतो. रोज चाललं की साखर आटोक्यात राहते, झोपही लागते. मग मामांकडे वळून त्यांनी विचारलं, "बाबा, चालणं बंद का केलंत?"

मामा माझ्याकडे न बघता म्हणाले, "मीच लई आळशी झालतो, साहेब."

खरं काय ते मला तिथेच सांगता आलं असतं. मी फाईलमधले कागद नीट लावत बसले.

दुसऱ्या दिवशी मी म्हणाले, "मामा, आजपासून पाच मिनिटं चालायचं."

"कुठवर?"

"पाच मिनिटं."

"अगं, गावाचं नाव सांग. मिनिटांकडं कसं जाऊ?"

मग कोपऱ्यावरचं लिंबाचं झाड ठरलं. पहिल्या दिवशी तिथवरही पोचलो नाही. चौथ्या घरापासून परत फिरलो. आता तीन महिन्यांनी आम्ही मंडईच्या अलीकडच्या चौकापर्यंत जातो. मामा पलंगावरून एका हाताने उठतात, झोपही बरी लागते. पण पूर्वीची चाल आलेली नाही. ती येईल असं डॉक्टरही म्हणत नाहीत.

अर्ध्या वाटेत मामांना दम लागतो. तेव्हा ते एखाद्या दुकानाची पाटी वाचत उभे राहतात, मला वाईट वाटू नये म्हणून. मी दोन पावलं मागे थांबते आणि पाटी वाचून होईपर्यंत खाली मान घालून मोबाईल बघते.