लिंबू-मिरचीचं मशीन

पोलादपूरच्या वर डोंगरात आमचं घर होतं, आणि घरावर गवताचं छप्पर. वडील मुंबईला एका कँटीनमध्ये कामाला; पैसे आले तर आले. आई डोंगरउतारावरचं गवत कापून भारे डोक्यावरून खाली आणायची. गवत कमी निघालं की ते छपराला घालायचं की गाईला, यावरून घरात वाद. दरवर्षी गाय जिंकायची आणि आम्ही भिजायचो. त्या घरातून मी महाडच्या कॉलेजात गेले आणि बी.एस्सी. झाले. फिजिक्स घेऊन. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते.

एवढं शिकून मला नोकरी लागली ती गवत सांभाळायची.

महाडजवळच्या सव गावी, गरम पाण्याच्या कुंडांपाशी मुंबईच्या एका साहेबांचा बंगला आहे. तिथे मी मॅनेजर, पण कच्ची. "काम बघू, मग कायम करू," असं साहेब म्हणाले होते. पाहुण्यांसमोर ते मला 'मॅडम' म्हणत आणि जास्तीचं काम असलं की 'बेटा'. बंगल्यापुढच्या लॉनचं गवत ट्रकमधून गुंडाळ्या करून आलं होतं, सतरंजीसारखं. आई एकदा बघायला आली.

"खातं कोन गो हे?"

"कोणी नाय."

"मंग छपराला?"

"नाय गो आये. पाणी घालून वाढवायचं, नि वाढलं की कापून टाकायचं."

आईने लॉनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "नि ह्याच्यासाठी कालेजात जावं लागतं?"

ते कापायला बटणाचं मशीन होतं. दोरी ओढायची नाही, दांड्यावरची आडवी पट्टी दांड्याशी दाबून धरायची आणि बटण दाबायचं. बंगल्यावर राखण करणारे माझे चुलते त्याला फार जपत. खंडेनवमीला त्यांनी कोयते-विळ्यांच्या शेजारी त्याचीही पूजा केली आणि नजर लागू नये म्हणून दांड्याला लिंबू-मिरची बांधली. चुलते आधी मुंबईत वॉचमन होते. त्यांच्या बिल्डिंगसमोर गॅरेज होतं, म्हणून ते स्वतःला मेकॅनिक समजत.

तुळशीची लग्नं झाली आणि साहेबांचा फोन आला. रविवारी मुलीचा साखरपुडा, लॉनवरच. दसऱ्यापासून लॉन कापलंच नव्हतं. गवत पोटरीला लागत होतं. मी मशीन शेडमधून काढलं, पट्टी धरली, बटण दाबलं. काही नाही. साधं टकसुद्धा नाही.

"सेल्फ गेला," चुलते लांबूनच म्हणाले.

मी बॅटरी रात्रभर चार्जिंगला लावली. जुनं पेट्रोल काढून नवं भरलं. प्लग काढून पुसला. बटण दाबलं. शांतता.

"धक्का मार ना गो. घाटात जीप कशी उताराला सोडतात? एकदम स्टार्ट!"

"काका, याच्या चाकांचा इंजिनाशी संबंध नाय."

"मेकॅनिक तू का मी?"

त्यांनी मशीन उताराला सोडलंच. ते आवाज न करता पळालं आणि जास्वंदीत घुसलं.

तेवढ्यात साहेबांचा व्हिडिओ कॉल; मशीन बंद असल्याचं मी सकाळीच कळवलं होतं. "बेटा, बटण दाबलं का?"

"दाबलं, सर."

"नीट दाबलं का?" मग म्हणाले, "उद्यापर्यंत जमत नसेल तर पुण्याचा एक माणूस आहे माझा. तो मशीनही बघेल, आणि मग बंगलाही तोच बघेल."

म्हणजे मी घरी.

मी जास्वंदीपाशी बसले आणि डोकं चालवलं. इंजिन बिघडलं असतं तर सेल्फने निदान आवाज केला असता. आवाजच नाही, बॅटरी तर भरलेली. म्हणजे करंट वाटेत कुठेतरी अडतोय. मी बॅटरीपासून वायर बोटाने धरत निघाले. वायर दांड्यावर आली आणि पट्टीखालच्या एका छोट्या स्विचात शिरली. पट्टी दांड्याला पूर्ण टेकली तरच तो दाबला जाणार. आणि पट्टी टेकत नव्हती. चुलत्यांनी दसऱ्यापासून दर शनिवारी नवं लिंबू बांधलं होतं, पण देवाचं म्हणून जुना दोरा सोडला नव्हता. दोऱ्यावर दोरा चढून मधे अंगठ्याएवढी गाठ झाली होती.

मी विळा घेतला तशी चुलते आडवे आले. "हात नाय लावायचा. इडापिडा येल."

इथे फिजिक्स चालणार नव्हतं. मी विचारलं, "काका, नजर पुढून लागते का मागून?"

"पुढून."

"मग लिंबू मागे कशाला? पुढे पात्याच्या झाकणाला बांधा. दांड्याकडे बघतो कोण?"

चुलत्यांनी खरंच विचार केला. "आयला, बरोबर हाय गो," म्हणाले आणि स्वतःच्या हाताने सगळे दोरे सोडून लिंबू पुढे बांधलं. मी पट्टी दाबली, बटण दाबलं. मशीन असं गरजलं की चुलते दोन पावलं मागे सरले.

"बघ," ते म्हणाले, "नजर उतरली."

मी मशीन लॉनकडे वळवलं. संध्याकाळपर्यंत लॉन कापून झालं. दुसऱ्या दिवशी आई आली आणि ते कापलेलं गवत पोत्यात भरून गाईसाठी घेऊन गेली. गाईने हुंगलं आणि तोंड फिरवलं. रविवारी साहेब पाहुण्यांना मशीन दाखवत होते. पुढचं लिंबू बघून एक बाई म्हणाल्या, "हाऊ क्यूट!" मग साहेबांनी मला बोलावलं. "या आमच्या मॅडम. सायन्स ग्रॅज्युएट."

पुण्याचा माणूस आला नाही. त्या महिन्यापासून मला कायम केलं. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर, आणि कायम नोकरी असलेलीही पहिलीच.